चढावर गाडी ओढत नाही? टर्बो बदलण्याआधीची तयारी

फोंडा घाट तिसऱ्या गिअरमध्ये आरामात चढणारी जुनी टर्बो डिझेल आता दुसऱ्यातही कुंथते, मागे काळा धूर सोडते, आणि दोन हजार आरपीएमच्या आसपास पाठीला जाणवणारा तो रेटा येतच नाही. गॅरेजात गेल्यावर पहिला निकाल बहुधा ठरलेला असतो: "टर्बो गेलो." टर्बो म्हणजे इंजिनात दाबाने जादा हवा भरणारा पंखा. कधीकधी तो खरंच गेलेला असतो. पण आपल्या कोकणातल्या खाऱ्या हवेत, तांबड्या धुळीत आणि महिनोन्महिने मांगरात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत टर्बोच्या आधी बिघडणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक थोडक्या पैशांत सुधारतात. म्हणून स्वस्तापासून महागाकडे जायचं. गणपतीत गाडीत पाच माणसं आणि सामान भरायच्या निदान पंधरा दिवस आधी सुरुवात करा. लागणारा पार्ट कोल्हापूरहून किंवा रत्नागिरीहून यायलाच दोन-चार दिवस जातात.

सामान आधी जमवा: चांगला टॉर्च, छोटा आरसा, हातमोजे, 8 आणि 10 चा पाना, स्क्रूड्रायव्हर, दोन-तीन जादा होज क्लिप, मीटरभर नवी व्हॅक्यूम नळी (जुन्या नळीचा तुकडा दुकानात नेऊन त्याच मापाची घ्या), कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि एक पारदर्शक बाटली. ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) मिळाला तर फारच उत्तम. मात्र भारतात ओबीडी-2 सक्तीचं झालं ते 1 एप्रिल 2013 पासून. त्याआधीच्या गाडीत सॉकेट असला तरी मोबाइलवरचं साधं ॲप तिला जोडलं जाईलच असं नाही.

बॉनेट उघडण्याआधी इंजिनाबाहेरची दोन कारणं बाद करा. ब्रेक न दाबता गाडी सपाटीवर थोडी चालवून थांबवा आणि चारही चाकांच्या डिस्कजवळ हात न्या, लावू नका. एकाच चाकाकडून धग येत असेल तर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) गंजून अडकलाय आणि इंजिन बिचारं ब्रेक ओढत चाललंय. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत हे नेहमीचं आहे. दुसरं कारण क्लच. चढावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच घसरतोय.

मग धूर आणि आवाज. ही नोंद मागून दुसऱ्या गाडीत बसलेल्या माणसाने केलेली बरी. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. धूरच नाही आणि ताकदही नाही, तर डिझेल फिल्टर तुंबलाय किंवा संगणकाने इंजिन वाचवण्यासाठी ताकद तोडलीय. संगणकाचं काम असेल तर किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की गाडी काही वेळ नीट पळते. रेस दिल्यावर सूऽऽ असा हवा सुटल्याचा आवाज आला तर होज पाइप बघा. सायरनसारखी चढत जाणारी शिट्टी असेल तर टर्बोचं बेअरिंग संशयित.

एअर फिल्टर काढून उन्हात धरा. चिऱ्याच्या खाणींजवळून रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकाच्या कितीतरी आधी भरतो. त्याच डब्यात उंदराने केलेलं घरटंही सापडतं. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल बाटलीत घ्या आणि अर्धा तास हलवू नका. पाणी असेल तर ते खाली स्वच्छ थर करून बसतं. दोन्ही थरांच्या मध्ये काळपट चिकट पापुद्रा दिसला तर डिझेलमध्ये जंतू वाढलेत. मग नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी साफ करावी लागेल.

सगळ्यात जास्त वेळ द्या होज पाइपांना. टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोतली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारा प्रत्येक रबरी पाइप इंजिन थंड असताना हाताने पिळून, वाकवून बघा. चीर बहुतेकदा खालच्या बाजूला, क्लिपच्या अगदी कडेला असते. वरून पाइप धडधाकट दिसतो. आरसा खाली धरला की तेवढ्याच भागावर तेलाचा ओलसर पट्टा आणि त्यावर बसलेली तांबडी धूळ दिसते. ही चीर आयडलिंगवर मिटलेली असते आणि दाब वाढला की उघडते, म्हणून गॅरेजात उभ्या गाडीला रेस देऊन ती सापडत नाही. पाइपात आतून तेलाचा हलका थर असणं मात्र साधं आहे, त्याला घाबरू नका.

मग बारीक व्हॅक्यूम नळ्या. उंदरांचं यांच्यावर विशेष लक्ष असतं. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हेरिएबल टर्बोत (आतल्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या) इंजिन चालू करताच ॲक्च्युएटरचा, म्हणजे त्या पात्या हलवणाऱ्या डबीचा दांडा खेचला जायला हवा आणि बंद केल्यावर परत यायला हवा. तो हललाच नाही तर नळी, सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारी झडप) किंवा काजळीने आत जाम झालेल्या पात्या, यांपैकी एक. साध्या वेस्टगेटच्या (दाब जास्त झाला की उघडणाऱ्या झडपेच्या) टर्बोत आयडलिंगला दांडा हलत नाही, त्यावरून निष्कर्ष काढू नका. जाता जाता सेन्सरचे प्लग किल्ली बंद ठेवून काढा. पिनांवर हिरवट बुरशी असेल तर स्प्रे मारून वाळवा.

स्कॅनरवर पी0299 म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी0087 म्हणजे डिझेलचा रेल प्रेशर (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब) कमी. कोड बघून पार्ट मागवू नका. चिरलेल्या पाइपानेही पी0299 येतो. किनाऱ्यावर राहण्याचा एक फायदा इथे आहे: इंजिन बंद, किल्ली चालू असताना मॅप सेन्सरने (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) 100 किलोपास्कलच्या आसपास दाखवायला हवं, कारण समुद्रसपाटीला हवेचा दाबच तेवढा असतो. बराच वेगळा आकडा आला तर सेन्सरच खोटं बोलतोय. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्या आणि शेजारच्याला आकडा वाचू द्या. बहुतेक टर्बो डिझेलमध्ये तो 200 च्या आसपास किंवा वर जातो. 130-140 वरच अडखळला तर दाब कुठेतरी सुटतोय किंवा तयारच होत नाहीये.

एवढं करून काही सापडलं नाही तर ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काढून काजळी साफ करून घ्या. सर्वांत शेवटी टर्बो. थंड इंजिनावर हवेचा पाइप काढून पंख्याची दांडी बोटांत धरा. आडवी किंचित हलते, ते चालतं. आत-बाहेर सरकली किंवा पाती कडेला घासली तर टर्बो खरंच संपलाय. तेव्हा मेकॅनिकला एकच गोष्ट आग्रहाने सांगा: टर्बोला तेल पोचवणारा पाइप साफ करा किंवा नवा टाका. त्यात जळालेलं तेल अडकलं असेल तर नवा टर्बोही त्याच वाटेने जाईल. तेल आणि ऑइल फिल्टर त्याच दिवशी बदला, बसवण्याआधी टर्बोच्या तेलाच्या पाइपाच्या तोंडात थोडं तेल ओता, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर मिनिटभर तरी ॲक्सिलरेटरला पाय लावू नका.