जुन्या खेळाडूचं पान कसं भरायचं

कोल्हापुरात पाऊस लागला की आमच्या मैदानाचं तळं होतं. होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंत घोटाभर चिखल. बॅटी, ग्लोव्ह गोण्यांत बांधून खोलीत ठेवावे लागतात. मी शाळेत सॉफ्टबॉल शिकवते, आणि या दिवसांत पोरी घरी बसून खेळ विसरू नयेत म्हणून त्यांना एक काम देते. प्रत्येकीनं आपल्याच जागेवर खेळलेला एक जुना बेसबॉल खेळाडू निवडायचा आणि वहीत त्याचं एक पान भरायचं. हे काम कुणालाही घरी करता येईल, म्हणून आमची पद्धत सांगते.

लागतं काय? दोनशे पानी वही, पेन्सिल, खोडरबर आणि इंटरनेट असलेला फोन. पेन्सिलीच्या बाबतीत मी हट्टी आहे. पेनानं लिहिलेलं चुकलं की पोरी खाडाखोड नको म्हणून चूक तशीच ठेवतात.

सगळ्यात आधी टीम एकच धरायची. आज अमेरिकेतली यांकीज, उद्या कब्स असं केलं की खेळाडू सुटे सुटे राहतात. एकाच टीममध्ये मात्र कोण कुणाच्या शेजारी उभा होता, कोण गेल्यावर कुणाला जागा मिळाली, हे आपोआप दिसायला लागतं. आम्ही डॉजर्स धरली. ही टीम 1883 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झाली आणि 1958 पासून लॉस एंजेलिसमध्ये खेळते. ब्रुकलिनच्या रस्त्यांवर ट्रॉली गाड्या इतक्या धावायच्या की लोकांना त्या चुकवत चालावं लागे, त्यावरून ‘डॉजर्स’, म्हणजे हुलकावणी देणारे. पण हे नाव पहिल्यापासून नव्हतं. 1888 च्या सुमारास टीममधल्या बऱ्याच जणांची लग्नं झाली, तेव्हा लोक तिला ‘ब्राइडग्रूम्स’, म्हणजे नवरदेव म्हणू लागले. पुढं विल्बर्ट रॉबिन्सन मॅनेजर होता तेव्हा त्याच्यावरून ‘रॉबिन्स’. म्हणून खूप जुना खेळाडू शोधताना टीमच्या आजच्या नावावर अडून बसू नका. गाव आणि साल धरून शोधा.

आडनावावरही जाऊ नका. आमच्या टीममध्ये एका वर्षी चार पाटील होत्या, त्यामुळं पोरींना हे लगेच पटतं. डॉजर्सच्या इतिहासात विल्बर्ट रॉबिन्सन हा मॅनेजर, जॅकी रॉबिन्सन 1947 ते 1956 या काळातला खेळाडू आणि फ्रँक रॉबिन्सन 1972 चा एकच हंगाम या टीमकडून खेळलेला. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पानावर पूर्ण नाव आणि त्याखाली जन्मतारीख, एवढं आधी लिहून टाकायचं.

‘बेसबॉल रेफरन्स’ या साइटवर प्रत्येक खेळाडूचा तक्ता फुकट बघायला मिळतो. तो उघडला की नव्या माणसाची नजर थेट होमरनच्या, म्हणजे आपल्या षटकारासारख्या फटक्यांच्या, रकान्यावर जाते. मी पोरींना तळहातानं उजवीकडचा सगळा तक्ता झाकायला लावते. उघडे ठेवायचे फक्त डावीकडचे दोन रकाने: साल आणि वय. आधी सालं वाचायची, आकडे मागाहून. खेळाडू खरा कळतो तो तिथं.

आमच्या शॉर्टस्टॉपनं, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभं राहणाऱ्या पोरीनं, पी वी रीझ निवडला होता. तिनं सालं वाचायला सुरुवात केली: 1940, 1941, 1942, 1946. थांबली. “मॅडम, मधली तीन सालं सोडल्यात.” सोडलेली नव्हती. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि रीझ अमेरिकेच्या नौदलात होता. वयाच्या चोविसाव्या वर्षी मैदान सोडून गेला, सत्ताविसाव्या वर्षी परत आला आणि पुढं 1958 पर्यंत खेळला. त्या दिवसापासून आमच्या पानावर ‘मोकळी सालं’ अशी वेगळी ओळ असते. साल मोकळं दिसलं की कारण शोधायचंच. लढाई, दुखापत, बंदी, आजार, काहीतरी असतंच. त्याचं टोपणनावही लिहायला लावलं. पी वी हे गोट्यांतल्या एका बारक्या गोटीचं नाव, आणि रीझ लहानपणी लुइव्हिलमध्ये गोट्या खेळण्यात पटाईत होता. हे ऐकून ती पोरगी जी खूश झाली!

वयाचा रकाना तितकाच बोलतो. जॅकी रॉबिन्सनच्या डॉजर्सकडच्या पहिल्या सालापुढं वय आहे 28. इतका तयारीचा खेळाडू, मग अठ्ठाविसाव्या वर्षी पहिल्यांदा कसा? कारण त्याच्या आधी कित्येक दशकं मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉलमध्ये, कृष्णवर्णीय खेळाडूंना घेतच नसत. त्यांच्या लीग वेगळ्या होत्या. रॉबिन्सन 1945 साली अशाच लीगमधल्या कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळला, 1946 साली माँट्रियलला डॉजर्सच्या खालच्या टीमकडून, आणि 15 एप्रिल 1947 रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर उतरला. त्याची जी वर्षं मेजर लीगमध्ये जायला हवी होती ती त्याला मिळालीच नाहीत. तक्ता हे शब्दांत सांगत नाही, पण वय बघितलं की लपत नाही.

इथंच एक गोंधळ निस्तरून घ्या. रॉबिन्सनची बॅटिंग सरासरी कुठं .311 दिसेल, कुठं .313. मेजर लीगनं 2024 साली जुन्या नीग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या त्या वेगळ्या लीगचे, आकडे अधिकृत नोंदींत धरले, त्यात मोनार्क्सकडचे सामनेही आले. दोन आकडे दिसले की एक खोडून मोकळं व्हायचं नाही. दोन्ही लिहायचे, शेजारी कारण लिहायचं.

शेवटचं सालही नीट बघा. आमच्या कॅचरनं रॉय कॅम्पानेला घेतला होता. डॉजर्सकडून 1948 ते 1957, दहा हंगाम. 1951, 1953 आणि 1955, तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. 1953 चे 41 होमरन आणि 142 रन बॅटेड इन, म्हणजे त्याच्या बॅटिंगवर आलेल्या धावा, बघून ती हरखून गेली. मग तिनं विचारलं, “डॉजर्स लॉस एंजेलिसला गेल्यावर हा गेला नाही का?” नाही गेला. 28 जानेवारी 1958 च्या पहाटे बर्फावरून त्याची गाडी घसरून उलटली, मानेला मार बसला, आणि तो पुन्हा कधी आपल्या पायांवर उभा राहिला नाही. पुढच्या वर्षी, 7 मे 1959 ला, लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये त्याच्यासाठी सामना ठेवला. 93,103 लोक आले. रीझनं त्याची चाकाची खुर्ची ढकलत मैदानात आणली, दिवे मालवले आणि लोकांनी काड्यापेट्या पेटवल्या. आमची कॅचर हे वर्गात वाचून दाखवत होती. वाचता वाचता तिनं वही शेजारणीकडं दिली. “तू वाच, मी नाही वाचत.” त्या पानावर होमरनचा आकडा कुठं लिहिलाय हे आज माझ्या ध्यानात नाही, काड्यापेट्या मात्र आहेत.

आता तळहात उचला आणि आकड्यांकडं या. क्रिकेटमधून आलेल्या माणसाला सरासरी हा शब्द फसवतो. इथं ती धावांची नसते. अधिकृत बॅटिंगच्या दर हजार संधींमागं किती हिट, म्हणजे बॉल मारून बेस गाठलेले फटके, एवढंच ती सांगते. पिचरनं चार बॉल वाइडसारखे बाहेर टाकले म्हणून मिळालेला बेस, म्हणजे वॉक, त्यात धरत नाहीत. रॉबिन्सननं 1949 साली 593 वेळा बॅटिंग करून 203 हिट मारले. 203 भागिले 593, आले .342. हा भागाकार प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं करायचा, कॅल्क्युलेटर नाही. त्यातनं एक गोष्ट पक्की डोक्यात बसते: लीगच्या सर्वोत्तम खेळाडूलासुद्धा त्या वर्षी तीनपैकी जवळजवळ दोन वेळा हिट मिळाला नव्हता. स्ट्राइकआऊट झाल्यावर बॅट आपटणाऱ्या पोरीला मी हेच गणित पुन्हा करायला बसवते.

पिचरसाठी, म्हणजे बॉल टाकणाऱ्यासाठी, सूत्र वेगळं. पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा गुणिले नऊ, भागिले इनिंग. फील्डरच्या चुकीनं गेलेल्या धावा त्याच्या माथी मारत नाहीत. सँडी कोफॅक्सनं 1966 साली 323 इनिंग टाकल्या, खात्यावर धावा 62. म्हणजे 1.73. इनिंगच्या रकान्यात 2324.1 असं दिसलं तर तो दशांश समजू नका. आपण क्रिकेटमध्ये 19.3 षटकं म्हणतो, तसंच ते आहे. टिंबानंतरचा एक म्हणजे एक आऊट, म्हणजे तिसरा हिस्सा.

कोफॅक्सचं पान भरताना मी एकीला पानाच्या मध्ये आडवी रेघ मारायला लावली. रेघेच्या वर 1955 ते 1960: 36 विजय, 40 पराभव. रेघेच्या खाली 1961 ते 1966: 129 विजय, 47 पराभव. एकूण बेरीज 165 आणि 87 अशी एका ओळीत लिहिली असती तर हा माणूस अर्धाच कळला असता. जोरदार डावखुरा, पण सहा वर्षं बॉल कुठं जाईल याचा भरवसा नाही. 1961 च्या सरावात नॉर्म शेरी या कॅचरनं त्याला सांगितलं, इतका जीव खाऊन टाकू नको, जरा हलक्या हातानं टाक. तिथून पुढं 1962 ते 1965 सलग चार वर्षं दरवर्षी एक नो-हिटर, म्हणजे समोरच्यांना एकही हिट न दिलेला सामना. त्यातला शेवटचा, 9 सप्टेंबर 1965 चा, परफेक्ट गेम: सत्तावीस बॅटर आले, सत्तावीस गेले. आणि 1966 साली 27 सामने जिंकून, वयाच्या तिसाव्या वर्षी, डाव्या कोपराच्या संधिवातामुळं निवृत्ती. करिअरला असं वळण दिसलं की पान दुभागा. बेरजेत वळण दिसत नाही.

पानाचा शेवटचा भाग म्हणजे ‘एक दिवस’. एकच सामना निवडायचा आणि चार-पाच ओळींत आपल्या शब्दांत लिहायचा. ‘रेट्रोशीट’ या साइटवर जुन्या सामन्यांचे स्कोअर मिळतात. बहुतेक जण खेळाडूचा सर्वांत मोठा दिवस निवडतात. मी म्हणते, पहिला बघा. रॉबिन्सनच्या पहिल्या दिवशी तक्त्यात तीन बॅटिंग, शून्य हिट आहे. एवढ्यावर पान उलटलं तर गंमत निसटते. सातव्या इनिंगमध्ये त्यानं बंट केला, म्हणजे बॅट न फिरवता बॉल हळूच पुढं ढकलला, बोस्टन ब्रेव्ह्जच्या पहिल्या बेसवाल्याचा घाईचा थ्रो त्याच्या अंगाला लागून लांब गेला, तो दुसऱ्या बेसला पोचला आणि पीट रायझरच्या डबलवर, म्हणजे दोन बेसच्या फटक्यावर, होमला आला. त्या धावेनं ब्रुकलिन पुढं गेलं आणि सामना 5-3 असा जिंकलं. हिट नाही, पण धाव त्याची. आमच्याकडं बंटला नाक मुरडणाऱ्या दोन-तीन जणी होत्या, त्यांना ही गोष्ट मी मुद्दाम दोनदा सांगितली.

फोटो चिकटवणार असाल तर तपासून घ्या. डावखुऱ्याचा ग्लोव्ह उजव्या हातात असतो. तक्त्यात उजवा म्हटलंय आणि फोटोत उलटं दिसतंय, तर माणूस चुकला असेल किंवा फोटो उलटा छापला असेल. टोपीवरचं अक्षर बघितलं की कळतं.

गेल्या वर्षीपासून वहीचा मागचा अर्धा भाग मी आपल्या इथल्या खेळाडूंसाठी ठेवलाय. माझे आजोबा पेठेतल्या तालमीकडून फुटबॉल खेळायचे. तालमीच्या भिंतीवर त्यांच्या टीमचा फोटो आहे, अकरा जण, मध्ये बॉल, बॉलवर खडूनं साल. मागं नावं नाहीत. आजोबा होते तेव्हा मी विचारलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. शाहू स्टेडियमवर आजही मॅचच्या दिवशी पेठा ओस पडतात, पण पन्नास वर्षांपूर्वी कोण कुठल्या जागेवर खेळायचं हे सांगणारी माणसं हाताच्या बोटांवर राहिलीत. त्यांच्याकडं जायचं ते हीच वही घेऊन, ह्याच ओळी घेऊन: पूर्ण नाव, जागा, सालं, मोकळी सालं, एक दिवस. “तुमच्या काळी फुटबॉल कसा होता?” असं विचारलं की म्हातारी माणसं दोन वाक्यांत आटपतात. “तुम्ही कुठल्या सालापासून, कुठल्या जागेवर?” असं विचारा. मग चहा येतो.

आमची शॉर्टस्टॉप तालमीजवळच राहते. ती शेजारच्या आजोबांकडं त्या फोटोची प्रत घेऊन गेली. मागच्या रांगेतला डावीकडून तिसरा म्हणजे हेच, असं सगळी गल्ली सांगत होती, म्हणून तिनं खाली त्यांचं नाव लिहूनच नेलं होतं. आजोबांनी चष्मा पुसला, फोटो खिडकीपाशी धरला.

“ह्यो मी न्हवं. ह्यो माझा थोरला भाऊ. त्या साली मला मिलमध्ये रात्रपाळी हुती, मी खेळलोच न्हाई.”

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “मॅडम, मी खोडलो आणि भावाचं नाव लिहिलो. आणि आजोबांच्या पानावर ते साल मोकळं ठेवलो.” शेजारी तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: रात्रपाळी.