फ्यूज उडाला की तार लावताय? या चुका टाळा

रिपेअरिंग शिकायला पोरं येतात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सर, फ्यूज उडालाय, तार लावून बघू का?" नाही, अजिबात नाही. फ्यूजची काच आतून काळी पडलीय म्हणजे पुढे जोरात शॉर्ट आहे, ब्रिजचा (एसीचा डीसी करणारा भाग) डायोड नाहीतर मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) गेलेला असणार, ते आधी मीटरने बघा ना.

मागे एकदा मी चहाला गेलो तेवढ्यात एकाने टीव्हीच्या पॉवर सप्लायला फ्यूजच्या जागी तांब्याची तार लावून स्विच टाकला. गेला होता फक्त मॉसफेट, अर्ध्या तासाचं काम, पण करंट अडवायला काहीच उरलं नाही म्हणून ब्रिज फुटला, बोर्डावरचा ट्रॅक जळून वर आला, घरचा एमसीबी पडला. पोराला काही झालं नाही हे नशीब. गिऱ्हाईकाला मी माझ्या पैशाने नवीन बोर्ड घालून दिला, आणि तेव्हापासून माझ्या टेबलावर सिरीज बोर्डाशिवाय काहीही चालू होत नाही. सिरीज बोर्ड म्हणजे जुना 100 वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब फेजच्या वायरमध्ये सिरीजला टाकायचा, एलईडी बल्ब चालत नाही. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, फुल पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे, बंद करा आणि शोधा. दोन मिनिटं जातात, तेवढाही धीर नसेल तर 230 व्होल्टला हात लावू नका, हे मी रागावून नाही, काळजीने सांगतोय.

दुसरं म्हणजे प्लग काढला की सगळं संपलं असं समजणं. मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर डीसी बसलेला असतो, पॉवर सप्लाय बंद पडलेला असेल तर बराच वेळ तसाच राहतो. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडणारे लोक मला बघवत नाहीत. मी 10 किलोओहम 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड प्रोबला लावून ठेवलाय, दहा सेकंद टेकवतो, मग मीटरने मोजतो, मगच हात.

बोर्डावर असतानाच रेझिस्टर मोजू नका, बाजूच्या पार्ट्समधूनही करंट जातो आणि व्हॅल्यू कमी दिसते, रेझिस्टरचा एक पाय बोर्डावरून सोडवून उचला. 5 व्होल्टवर एलईडी थेट लावू नका, लाल एलईडी 2 व्होल्ट घेते, उरलेले 3 व्होल्ट रेझिस्टरवर पडू द्या, मी 330 ओहम लावतो. मोटरला वेगळा सप्लाय दिला तर आर्डुइनोचा (छोटा कंट्रोलर बोर्ड) ग्राउंड त्या सप्लायच्या ग्राउंडशी जोडा, सिग्नलचा करंट परत यायला वाट लागते.

आणि करंट मोजून झाला की मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात सोडू नका, त्याच वायरने पुढचा माणूस सॉकेटचा व्होल्टेज मोजायला गेला की थेट शॉर्ट. मी मीटर खाली ठेवायच्या आधीच ती काढून व्होल्टच्या भोकात घालतो, फोन वाजत असला तरी.