सीटी-एमआरआय शिकायला येताय? आधी श्वास शिका

सीटीच्या पोस्टिंगला आलेलं जवळपास प्रत्येक पोर पहिल्या आठवड्यात एक वही भरतं. कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या आणि अवयव स्कॅनमध्ये उठून दिसावेत म्हणून शिरेतून दिलेलं औषध, सोडल्यापासून किती वेळाने स्कॅन घ्यायचा त्याचे आकडे: आर्टेरियल फेज 35 सेकंद, पोर्टल व्हिनस 70 सेकंद, डिलेड 3 ते 5 मिनिटं. ती पाठ झाली म्हणजे सीटी आलं, असं मलाही बरेच दिवस वाटत होतं. वही भराच. पण त्या आकड्यांमागे धडधाकट हृदयाचा, चांगल्या शिरांचा, सांगितलेलं लगेच समजणारा माणूस गृहीत धरलेला आहे, आणि तो आपल्या टेबलावर क्वचितच येतो.

आपल्याकडे येते ती मे महिन्यात धडगावहून पहाटेच्या एसटीने निघालेली आजी. कोणीतरी 'उपाशी या' म्हणालेलं असतं, म्हणून तिने पाण्याचा घोटही घेतलेला नसतो. शिरा आत गेलेल्या, जीभ कोरडी, क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणारा) रिपोर्ट जुना. आताच्या नॉन-आयोनिक कॉन्ट्रास्टसाठी पाणी तोडायची गरज नसते. उपाशीपोटाचा तुमच्या विभागाचा जो नियम असेल तो पाळा, पण अपॉइंटमेंट देतानाच 'पाणी पीत राहा' हे सांगायची परवानगी डॉक्टरांकडून घेऊन ठेवा. खान्देशच्या उन्हाळ्यात सुकलेल्या शरीरात कॉन्ट्रास्ट सोडणं किडनीला परवडत नाही.

याच आजीचं हृदय थकलेलं असेल, तर 70 सेकंदांना तिच्या लिव्हरमध्ये पुरेसा कॉन्ट्रास्ट पोचलेलाच नसतो. पाटाला पाणी सुटलं तरी शेवटच्या वाफ्यात ते कधी पोचेल हे पाटाच्या उतारावर ठरतं, घड्याळावर नाही. म्हणून तर बोलस ट्रॅकिंग आहे: रक्तवाहिनीवर आरओआय (घनता मोजायचा छोटा गोल) ठेवायचा, तिथली घनता ठरलेल्या आकड्याला, बहुधा 100 ते 150 एचयूला (सीटीवरचं घनतेचं माप) पोचली की स्कॅन सुटतो.

आता एक सापळा. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण शिकताना मला हे कोणीच सांगितलं नाही.

पल्मनरी अँजिओ. फुप्फुसाच्या धमनीत गुठळी आहे का, हे बघायचं. हिरवा व्हेनफ्लॉन (शिरेत घालायची नळी), कोपराची चांगली शीर, सेकंदाला 4 ते 5 मिली वेग, आरओआय मेन पल्मनरी आर्टरीवर. सगळं बरोबर. आणि ऐन वेळी माइकवरून आपण ओरडतो, "जोरात श्वास घ्या! धरून ठेवा!" हे वाक्य मीही सीनियरकडून उचललं होतं, जसंच्या तसं. इमेज येते तेव्हा वरच्या महाशिरेत कॉन्ट्रास्ट झगझगीत, महाधमनीतही बऱ्यापैकी, आणि नेमकी पल्मनरी आर्टरी फिकी. मग सगळे इंजेक्टरकडे (कॉन्ट्रास्ट ढकलणाऱ्या यंत्राकडे) बघतात, व्हेनफ्लॉनकडे बघतात. दोष बहुतेक वेळा त्या श्वासाचा असतो.

कारण समजून घ्या. माणूस एकदम खोल श्वास ओढतो तेव्हा छातीतला दाब घटतो आणि पोटाकडून येणाऱ्या खालच्या महाशिरेतलं रक्त जोराने हृदयात शिरतं. आपण कॉन्ट्रास्ट दिलाय हातातून, म्हणजे तो येतोय वरच्या महाशिरेतून. खालून आलेल्या रक्तात कॉन्ट्रास्ट नसतो. उजव्या कप्प्यात दोन्ही मिसळतात, कॉन्ट्रास्ट पातळ होतो, आणि तेच पातळ रक्त आपल्या स्कॅनच्या क्षणी पल्मनरी आर्टरीत असतं. गरोदर आणि बाळंतीण बायकांत हे अधिक होतं, आणि गुठळीची शंका घेऊन नेमक्या त्याच येतात. श्वास धरून कुंथणाऱ्यांचीही इमेज बिघडते. त्यात छातीकडे रक्त यायचंच अडतं.

उपाय मशीनमध्ये नाही, आपल्या तोंडात आहे. टेबलावर झोपवलं की इंजेक्टर जोडण्याआधी शेजारी उभं राहून सराव करून घ्या. "आप्पा, नेहमीसारखा साधा श्वास घ्या. आता तिथेच थांबा. तोंड मिटून जोर लावू नका." पोटाकडे बघत राहा, कुंथतोय की नुसता थांबलाय हे पोटावर दिसतं. अहिराणी बोलणाऱ्या माणसाला नुसतं "आते दम धरा" म्हटलं तरी तो सैल पडतो. मशीनच्या हिंदी-इंग्रजी आवाजावर विसंबू नका. बहुतेक मशीनमध्ये आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवता येतो, तो ठेवा. पावरी बोलणारे पेशंट असतील तर नातेवाइकाकडून आधीच समजावून घ्या. धाप फारच असेल आणि मशीन वेगवान असेल, तर श्वास न धरताही स्कॅन करता येतो. ते डॉक्टरांना विचारा, पण विचारा. स्कॅन वाया गेला तर त्या पेशंटला दुसऱ्यांदा कॉन्ट्रास्ट आणि दुसऱ्यांदा रेडिएशन.

आता कडक बोलते. डॉक्टर हजर नसताना कॉन्ट्रास्ट देऊ नका. रिपोर्टिंग रात्री पुण्याहून होतं, सेंटरवर तुम्ही एकटे, आणि मालक म्हणतो "करून टाका": नाही म्हणायचं. कॉन्ट्रास्टची रिअॅक्शन आली तर लागणारा इमर्जन्सी ट्रे कुठे आहे, त्यात अॅड्रेनलिन आहे का, त्याची मुदत संपली का, हे ड्युटीवर आल्याआल्या बघायचं. इंजेक्टर लावण्याआधी सलाईन हाताने ढकलून शीर तपासायची. पहिले काही सेकंद हातावर लक्ष ठेवायचं. सूज दिसली की थांबवायचं, स्कॅन गेला तरी चालेल.

एमआरआयबद्दल थोडक्यात. चुंबक कायम चालू असतो, स्कॅन नसतानाही. 2018 मध्ये मुंबईत ऑक्सिजन सिलिंडर आत नेल्याने एका तरुणाचा जीव गेला, तेव्हा दारावरची चौकशी कधीही उरकू नका. पेसमेकर, ऑपरेशनमधली क्लिप हे सगळे विचारतात. तुम्ही कामही विचारा. भुसावळ, वरणगाव, जळगाव एमआयडीसीत लेथवर, ग्राइंडरवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात कधीकाळी लोखंडाचा कण गेला असेल, तर डॉक्टरांना सांगून आधी डोळ्यांचा एक्स-रे. पदरातली सेफ्टी पिन, कंबरेचा ताईत, चांदीचे कडे, सगळं बाहेर. सातपुड्यातून सिकलसेलची पोरं खुब्याच्या दुखण्यासाठी येतात. ती फार वेळ निजू शकत नाहीत, म्हणून दोन्ही खुबे एकत्र घेऊन कोरोनल (समोरून दिसणारे) टी-वन आणि स्टर हे दोन सिक्वेन्स आधी करा. मध्ये उठावं लागलं तरी मुख्य उत्तर हातात असतं.

घाबरू नका. पहिले दोन-तीन महिने हात थरथरतात, शीर सापडत नाही, कन्सोलवर सगळी बटणं सारखी दिसतात. ते जातं, खरंच जातं.

गुरू कोण, यावर माझं ठाम मत आहे. कन्सोलवर सर्वांत वेगाने हात चालवणारा सीनियर बहुधा चांगला गुरू नसतो. वॉर्डातली जुनी सिस्टर शीर शोधायला शिकवते. नवीन मशीन बसलं की कंपनीचा अॅप्लिकेशनवाला काही दिवस येतो, त्याला सोडू नका, प्रत्येक पॅरामीटर 'का' म्हणून विचारा. सहा महिन्यांत सीटी-एमआरआय शिकवतो म्हणणाऱ्या सर्टिफिकेट कोर्सवर आई-बापाचे कापसाचे पैसे घालू नका. सरकारी मेडिकल कॉलेज आता जळगावात 2018 पासून आणि नंदुरबारात 2020 पासून आहे, धुळ्याचं तर जुनंच. तिथली गर्दी हीच खरी शाळा.

शेवटचं, टीएलडी, म्हणजे आपल्या अंगाला लागलेलं रेडिएशन मोजणारा बॅज. उकाड्यात लेड एप्रन काढून खुर्चीवर दुमडून टाकतात, बॅज त्यालाच लटकलेला. एप्रन दुमडला की आतून तडकतो, आणि तसा लटकलेला बॅज तुमचा डोस मोजत नाही. बॅज छातीवर, एप्रनच्या आत. आपल्याकडे मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 आहे. तीन महिन्यांनी येणारा रिपोर्ट मागून वाचा. नोकरी बदलली तरी तुमचा टीएलडी क्रमांक तोच राहतो. नव्या ठिकाणी रुजू होताना तो स्वतःहून द्या, नवा काढू देऊ नका, नाहीतर आधीच्या वर्षांचा डोस नव्या नोंदीत दिसणार नाही.