फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन : शब्द फोडावा कसा आणि उच्चारावा कसा

एखादी गोष्ट कवडीमोलाची ठरवण्याच्या कृतीला इंग्रजीत जे नाव आहे (floccinaucinihilipilification), त्याच्या स्पेलिंगमध्ये 29 अक्षरे आहेत. त्यांपैकी 'आय' हे अक्षर 9 वेळा येते आणि इंग्रजीत एरवी पावलोपावली भेटणारे 'ई' एकदाही येत नाही. असा शब्द पाठ करायला बसू नये. पाठ केलेला शब्द मधेच तुटतो आणि मग पुढचे काहीच आठवत नाही. तो आधी फोडावा, अर्थ समजून घ्यावा आणि उच्चाराकडे त्यानंतर वळावे.

फोडायला सुरुवात शेवटाकडून करावी, कारण 'फिकेशन' हा शेवटचा तुकडा नोटिफिकेशन, प्युरिफिकेशन यांसारख्या शब्दांमुळे आपल्या ओळखीचा असतो. 'करणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आला आहे, म्हणजे हा शब्द एका क्रियेचे नाव आहे एवढे तेवढ्यावरूनच कळते. तो बाजूला काढला की चार लॅटिन तुकडे उरतात: फ्लॉक्सि, नॉसि, निहिलि आणि पिलि. पहिल्याचा मूळ अर्थ लोकरीचा पुंजका, दुसऱ्याचा क्षुल्लक वस्तू, तिसऱ्याचा 'काहीच नाही' आणि चौथ्याचा केस. लॅटिनमध्ये हे शब्द षष्ठी विभक्तीत ठेवून 'किंमत करणे' अशा अर्थाच्या क्रियापदाशी जोडले, की 'मी त्याला लोकरीच्या पुंजक्याइतकेही मोजत नाही' असा भाव तयार होतो. मराठी वाचकाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही: आपण कस्पटासमान लेखतो, तृणवत् मानतो, आणि संस्कृतात तर 'तृणाय मन्यते' अशा प्रयोगासाठी पाणिनीने चतुर्थीचा वेगळा नियमच सांगून ठेवला आहे. लॅटिनने षष्ठी घेतली आणि संस्कृतने चतुर्थी, पण गवताची काडी काय किंवा डोक्यावरचा केस काय, तुच्छता मोजायची मापे सारखीच हलकी आहेत.

हे चारही शब्द इंग्लंडमधील ईटन येथील शाळेच्या लॅटिन व्याकरणात एकाच नियमाखाली ओळीने दिलेले होते. ती यादी घोकलेल्या कोणीतरी गमतीने चौघांना एकत्र सांधून त्यांना 'फिकेशन'चे शेपूट लावले असावे. विल्यम शेनस्टोन या इंग्रज कवीने 1741 साली एका पत्रात, एका व्यक्तीला पैसा तुच्छ वाटतो याबद्दल तिचे कौतुक करताना, हा शब्द वापरला. त्याचा ज्ञात असलेला सर्वांत जुना लेखी वापर तोच मानला जातो.

आता उच्चार. शब्दात 12 अवयव आहेत: फ्लॉक्-सि-नॉ-सि-नि-हि-लि-पि-लि-फि-के-शन. खरी अडचण 'सी' या अक्षराची आहे, कारण ते चार ठिकाणी येऊन दोन वेगवेगळे ध्वनी देते. सुरुवातीच्या जोड 'सी'मधला पहिला 'क' आणि दुसरा 'स' होतो, जसे ॲक्सिडेंटमध्ये होते. तिसऱ्याच्या पुढे 'आय' असल्यामुळे तो 'स' राहतो. चौथ्याच्या पुढे 'ए' येत असल्यामुळे तो पुन्हा 'क' होतो. दुसरी अडचण मात्र आपली स्वतःची आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ करण्याची सवय असल्यामुळे, तुकडे सुटे म्हणताना आपण नकळत 'फ्लॉक्सी, नॉसी, निहिली' असे म्हणतो आणि सांधल्यावरही ते इकार लांबवतो. ते सगळे ह्रस्वच हवेत. 'निहिलि'मधला 'ह' गिळू नये.

सराव उलटा करावा: आधी 'केशन', मग 'फिकेशन', मग 'पिलिफिकेशन', मग 'निहिलिपिलिफिकेशन', असे मागून पुढे एकेक तुकडा वाढवत जावे. यामुळे जीभ दरवेळी अनोळखी भागातून ओळखीच्या भागाकडे जाते आणि शेवट कधीच डळमळत नाही. मुख्य आघात 'के'वर द्यावा. 'फ्लॉक्', 'नॉ', 'नि' आणि 'पि' यांवर हलका भार पुरे. सर्व अवयव सारख्या जोराने म्हटले, तर शब्द बरोबर असूनही पाढे म्हटल्यासारखा ऐकू येतो.

वापराबाबत एक सावधगिरी बाळगावी. शब्दाच्या लांबीमुळे त्याचा अर्थ 'अवजड भाषा' किंवा 'निरर्थक बडबड' असा असावा, अशी अनेकांची समजूत होते, ती चुकीची आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये शशी थरूर यांनी आपले नवे पुस्तक म्हणजे फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशनचा नुसता 400 पानी खटाटोप नव्हे, असे ट्विट केले, तेव्हाही त्यांना अभिप्रेत होती ती कोणाला तरी कवडीमोल ठरवण्याचीच कृती. स्वतः वापरताना या शब्दाच्या जागी 'कवडीमोल ठरवणे' घालून पाहावे. वाक्य उभे राहिले तर वापर बरोबर आहे, आणि कोलमडले तर दुसरा शब्द शोधावा.