लाईट बिल अचानक वाढलं आणि पैसे खात्यातून आपोआप गेले, तर

दर महिन्याला बाराशेच्या आसपास कापले जायचे आणि या महिन्यात साडेचार हजार गेल्याचा मेसेज आला. ऑटोपे लावलेल्या घरात बिल उघडून बघायची सवय मोडलेली असते, म्हणून वाढ पहिल्यांदा दिसते ती बँकेच्या मेसेजमध्ये. साहजिकच पहिला फोन बँकेला जातो. तिथं काही होत नाही, कारण महावितरणनं जो आकडा पाठवला तोच बँकेनं वळता केलेला असतो. वाद युनिटचा असेल तर तो तुमच्या उपविभाग कार्यालयातच सुटतो. बँकेकडं काम एकच: पुढच्या महिन्यात तोच चुकीचा आकडा परत जाऊ नये.

घाईनं ऑटोपे बंद करून बिल तसंच पडू देऊ नका. मुदत टळली की १.२५ टक्के विलंब आकार लागतो, थकबाकी दिसायला लागते आणि तक्रार बाजूला राहून चर्चा थकबाकीवर येते.

आधी बिल वाचा

महावितरणच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून मागची बारा महिन्यांची बिलं उतरवून घ्या. आधी रुपये बघू नका, युनिट बघा. चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव, युनिट, समायोजित युनिट असे रकाने असतात. गुणक अवयव म्हणजे रीडिंगच्या फरकाला ज्या आकड्यानं गुणतात तो; साध्या सिंगल फेज घरगुती मीटरला तो १ असतो. चालूतून मागील वजा करा आणि उत्तर युनिटच्या रकान्याशी जुळतंय का पाहा.

युनिट नेहमीइतकेच असतील आणि रक्कम तेवढी वाढली असेल, तर कारण खालच्या भागात सापडतं. मागच्या महिन्यात खात्यात पैसे कमी पडून ऑटोपे परत गेला असेल तर ती रक्कम थकबाकी म्हणून यात आलेली असते, आणि बँकेनं परतीचा वेगळा दंडही लावलेला असतो. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो. तो उपविभागाच्या हातात नाही, त्यावर अर्ज करून उपयोग नाही. उन्हाळ्यात अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं बिल येतं. ते वेगळं असतं आणि बेकायदा नसतं. मासिक बिल असलेल्या ग्राहकाची ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी ठेवली जाते, मागच्या आर्थिक वर्षाच्या वापरावरून ती दरवर्षी नव्यानं मोजतात. एकरकमी झेपत नसेल तर सहा मासिक हप्ते मागता येतात. या ठेवीवर व्याज मिळतं, ते बिलात जमा झालंय का तेही बघून घ्या.

दर संकेताची ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत. तिथं घरगुतीऐवजी वाणिज्यिक झालं असेल तर तेवढ्याच युनिटला रक्कम बरीच वाढते. घराच्याच एका भागात शिलाई, शिकवणी किंवा छोटं दुकान असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागू राहतो. वर्ग बदलला असेल तर हे आकडे अर्जात लिहा.

एक गैरसमज काढून टाकायला हवा. ‘तीनशेच्या वर गेलो म्हणून सगळ्या युनिटला वरचा दर लागला’ असं सर्रास बोललं जातं. तसं होत नाही. घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढचे. ३३० युनिट झाले तर तिसऱ्या टप्प्याचा दर फक्त ३० युनिटना लागतो.

युनिटच वाढले असतील तर

बिलावर मीटरचा फोटो असेल तर तो मोठा करून बघा, मग जिन्याखाली जाऊन आजचं रीडिंग स्वतः घ्या. मीटरचा स्क्रीन आळीपाळीनं बरेच आकडे दाखवतो: तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी. तुम्हाला हवा तो केडब्ल्यूएच (म्हणजेच युनिट) लिहिलेला आकडा. रीडिंग घेणाऱ्याकडून दुसऱ्याच आकड्याचा फोटो निघतो, किंवा दशांश चिन्ह सुटून ४५१२.६ चं ४५१२६ होतं. आज मीटरवर दिसणारा आकडा बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा कमी असेल, तर बाकी काही सिद्ध करायची गरज नाही. तारीख-वेळेसह फोटो काढा, मीटर क्रमांक फोटोत आला पाहिजे.

अपार्टमेंटमध्ये मीटरची अदलाबदल होते. सांगलीत विश्रामबागच्या सोसायटीत काय किंवा साताऱ्यात शाहूपुरीत काय, एका बोर्डावर बारा-पंधरा मीटर असतात आणि वायरिंगच्या कामात दोन घरांच्या तारा उलट जोडल्या जातात. खात्री करणं सोपं आहे. घरातला मेन बंद करा, दुसऱ्याला मीटरपाशी उभं करा. तुमच्या नावाच्या मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. तो चालूच राहिला आणि शेजारचा थांबला, तर बिल शेजाऱ्यांचं येतंय. दोन्ही घरांनी मिळून एकच अर्ज द्यावा, काम लवकर होतं.

मीटर बदलल्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या बिलात गडबड हमखास निघते. जुन्या मीटरचं अंतिम रीडिंग आणि नव्याचं सुरुवातीचं रीडिंग मीटर बदली अहवालात असतं. त्याची प्रत मागून घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेच्या पुरात सांगलीतल्या घराघरांत पाणी शिरलं. अशा पाण्यात बुडून मीटर बदलावा लागला, तर जुन्याचं अंतिम रीडिंग मिळणं कठीण होतं. म्हणून मीटर काढताना फोटो काढून ठेवावा, वायरमन थांबतात तेवढा वेळ.

साठलेले युनिट

सगळ्यात जास्त तक्रारी यातून येतात आणि पैसेही इथंच जास्त सुटतात. घराला कुलूप होतं, मीटरची पेटी बंद होती, रीडिंग मिळालं नाही. मग सरासरीचं बिल येत राहतं आणि कधीतरी खरं रीडिंग आलं की साठलेलं सगळं एका बिलात येतं.

समजा चार महिने लॉक स्टेटसवर, म्हणजे कुलूप असल्याच्या नोंदीवर, दरमहा ६० युनिटचं बिल आलं. पाचव्या महिन्यात रीडिंग झालं आणि शेवटच्या खऱ्या रीडिंगपासून ६०० युनिट निघाले. म्हणजे महिन्याला १२०. हे ६०० एकाच महिन्याचे धरले, तर पहिल्या टप्प्यात १००, दुसऱ्यात २००, तिसऱ्यात २०० आणि सर्वांत महाग टप्प्यात १०० जातात. पाच महिन्यांत विभागले तर पहिल्या टप्प्यात ५०० आणि दुसऱ्यात फक्त १००. युनिट तेच, रक्कम खूप वेगळी. शिवाय आधी चार महिने भरलेल्या २४० युनिटची रक्कम वजा झाली पाहिजे. याला कार्यालयात स्लॅब बेनिफिट म्हणतात, अर्जात हाच शब्द वापरा.

ही विभागणी एरवी आपोआप होते. चुकते कुठं? मधल्या एखाद्या महिन्यात रीडिंग न घेताच अंदाजाचा आकडा टाकून स्टेटस नॉर्मल दिलं गेलं, की सिस्टिम तो आकडा खरा मानते आणि त्याच्या मागं जात नाही. हे शोधायला सीपीएल मागा. ग्राहकाच्या खात्याचा हा महिनावार उतारा, त्यात प्रत्येक महिन्याचं रीडिंग, स्टेटस आणि आकारणी दिसते. सलग तीन महिने नेमके ६० किंवा नेमके ७५ युनिट दिसले, तर तिथं बोट ठेवा. घरातला वापर असा कधी नेमका येत नाही.

वसुली जुन्या काळाची असेल तर विद्युत कायदा २००३ चं कलम ५६(२) लक्षात ठेवा. रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षं उलटली आणि ती बिलात सलग थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर ती वसूल करता येत नाही.

मीटर पळतोय का, हे घरी तपासणं

मेन चालू ठेवून घरातले सगळे प्लग काढा, सगळी बटणं बंद करा, इन्व्हर्टर आणि फ्रिजसुद्धा. तरीही दिवा लुकलुकत राहिला तर घराच्या वायरिंगमध्ये गळती आहे. ते काम इलेक्ट्रिशियनचं, महावितरण त्याचं बिल माफ करणार नाही. मेनच बंद केल्यावरही लुकलुकत असेल, तर मीटर आणि मेनच्या मधून कुणी तरी वीज घेतंय किंवा मीटर सदोष आहे. त्या तारांना हात लावू नका, थेट तक्रार करा.

आता मीटरचा वेग. मीटरवर ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं काही छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला दिवा ३२०० वेळा लागतो. पाणी तापवायचा १००० वॉटचा रॉड पाण्याच्या बादलीत ठेवून एकटाच चालू करा. मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा लागला पाहिजे. इस्त्री वापरू नका, ती मधेच आपोआप बंद होते. व्होल्टेज कमी असेल तर ४४-४५ दिसतील, ते ठीक आहे. सत्तरच्या वर गेले तर मीटर तपासणीचा अर्ज करा. तपासणीचं शुल्क भरावं लागतं. तपासणी तुमच्यासमोर व्हावी आणि अहवालाची प्रत मिळावी, हे अर्जातच लिहा. मीटर सदोष निघाला तर वादाच्या महिन्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांचं बिल अहवालानुसार दुरुस्त होतं. मीटर हळू फिरणारा निघाला तर दुरुस्ती तुमच्या अंगावरही येऊ शकते, म्हणून आधी रॉडची चाचणी करून घ्यावी.

मीटर बरोबर निघाला तर वापर शोधा. २००० वॉटचा गीझर रोज एक तास म्हणजे महिन्याला ६० युनिट. टाकीचा बॉल कॉक गळत असेल तर मोटार दिवसातून चार वेळा चालते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

पैसे किती भरायचे

कलम ५६(१) इथं तुमच्या बाजूनं आहे. लाईट तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलावर वाद असेल तर मागणीची पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या आकाराची सरासरी, यातली कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरली, तर वाद मिटेपर्यंत कनेक्शन तोडता येत नाही. १,१५०, १,०८०, १,२४०, १,१९०, १,३१० आणि १,२३० अशी सहा बिलं असतील तर बेरीज ७,२००, सरासरी १,२००. तेवढेच भरायचे. कमी रक्कम भरण्याआधी अर्जाची पोच घ्या आणि ती रक्कम स्वीकारावी असा शेरा उपविभागातून घ्या, नाहीतर काउंटरवर परत पाठवतात.

ऑटोपे कार्डवर किंवा यूपीआयवर असेल तर पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. त्या वेळी तेवढा एक व्यवहार थांबवता येतो किंवा मँडेटच, म्हणजे आपोआप पैसे कापायची दिलेली परवानगी, रद्द करता येतं. बँकेत फॉर्म भरून दिलेलं नॅच मँडेट असेल तर शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याचीही पोच ठेवा. वाद मिटल्यावर मँडेट परत लावताना कमाल मर्यादा नेहमीच्या बिलाच्या दुप्पट ठेवा. त्यापेक्षा मोठं बिल आलं तर पैसे जाणारच नाहीत, आणि ते बिल तुम्ही स्वतः बघून भरायचं हे मात्र विसरू नका.

पैसे आधीच गेले असतील तरी हक्क जात नाही. मंजूर दरापेक्षा जास्त वसूल झालेली रक्कम बँक दरानं व्याजासह परत मागता येते, कलम ६२(६).

अर्ज

तोंडी सांगून आलेली तक्रार फाईलला लागत नाही. १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, पण त्यावर थांबू नका. उपविभागाच्या उपकार्यकारी अभियंत्यांच्या नावानं अर्ज द्या. मजकूर एवढाच पुरे:

‘माझ्या वरील ग्राहक क्रमांकाच्या या महिन्याच्या बिलात ६०० युनिटची आकारणी झाली आहे. मागील चार महिने रीडिंग न घेता सरासरी बिले देण्यात आली. सदर युनिट पाच महिन्यांत विभागून स्लॅब बेनिफिट द्यावा, आधी भरलेली रक्कम वजा करावी व सुधारित बिल द्यावे. बिलाची रक्कम ऑटोपेद्वारे वळती झाली असून ती निषेध नोंदवून भरल्याचे समजावे. फरकाची रक्कम व्याजासह पुढील बिलात जमा करावी. सीपीएलची प्रत मिळावी.’

सोबत वादातलं बिल, आधीची सहा बिलं, मीटरचा फोटो आणि बँकेची नोंद. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दुरुस्त बिल हातात येईपर्यंत रोज त्याच वेळी रीडिंगचा फोटो काढा. आठ-दहा दिवसांची नोंद तुमचा खरा वापर दाखवते.

उपविभागात दाद लागली नाही तर मंडल कार्यालय, आणि त्यानंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. इथं सातारा आणि सांगलीची वाट वेगळी होते. सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत हे कोल्हापूर परिमंडलात, म्हणून मंच कोल्हापूरचा. सातारा, कराड, फलटण, वाई हे बारामती परिमंडलात, त्यांचा मंच बारामतीचा. कराडहून कोल्हापूर जवळ पडतं म्हणून तिकडं अर्ज पाठवला तर तो परत येतो. वकील लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडं जावं लागतं. वीजचोरी किंवा अनधिकृत वापराच्या कलम १२६ आणि १३५ खालच्या आकारणीची प्रकरणं मंच घेत नाही. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांच्या आत मुंबईच्या विद्युत लोकपालांकडं जाता येतं. हे दिवस निकालाच्या तारखेपासून मोजतात, म्हणून आदेशाची प्रत मिळाली की त्यावरची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.