शेजारच्या शाळांनी मिळून मुलांचं वाचन कसं सुधारावं

चार शाळांतले शिक्षक एकत्र आले की मुलं आपोआप वाचू लागतील, असं समजू नका. व्हॉट्सॲपवर गट तयार होतो, उपक्रमांचे फोटो येत राहतात आणि ‘सूर्य’ शब्दाशी अडलेलं तिसरीतलं मूल तिथेच अडलेलं असतं. ‘अनुभवांची देवाणघेवाण करा’ हा सल्ला प्रत्येक प्रशिक्षणात मिळतो, पण नेमकं काय द्यायचं आणि काय घ्यायचं ते कोणी सांगत नाही. माझ्या मते सुरुवात उपक्रमांपासून करूच नये. मूल वाचताना सगळ्यांनी एकत्र ऐकावं आणि पुढचं काम त्यातून ठरवावं.

शाळा आणि वेळ

एकमेकींपासून दुचाकीने अर्ध्या तासाच्या आत असलेल्या चार ते सहा शाळा पुरेत. त्यांत एक तरी द्विशिक्षकी शाळा घ्या. एका खोलीत दोन-दोन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला मुलांचे गट पाडून शिकवायची सवय असते आणि पुढे तीच उपयोगी पडते. केंद्रप्रमुखांशी, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांशी, बोलून दरमहाच्या शिक्षण परिषदेतला, म्हणजे या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीतला, एक तास मागून घ्या. वेगळी बैठक ठेवू नका, कारण मतदारयाद्या आणि सर्वेक्षणांच्या धबडग्यात ती टिकत नाही.

उतारा

‘असर’ या ‘प्रथम’ संस्थेच्या, गावोगावी मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणात २००५ पासून मुलाला एकेकटं बसवून वाचायला देतात: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. हाच क्रम घ्या. २०२४ च्या ‘असर’मध्ये देशातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना ही गोष्ट वाचता आली होती. आपल्या वर्गात गोष्ट वाचता न येणारी मुलं निघाली तर लपवण्यासारखं काही नाही, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोला.

पाठ्यपुस्तकातला उतारा घेऊ नका. अनेक मुलांना धडे तोंडपाठ असतात, बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या ओळीवर असतं. उतारे स्वतः लिहा. परिच्छेदात जोडाक्षर नको. गोष्टीत रफार, ‘दुसऱ्या’तला ऱ्य आणि अनुस्वार मुद्दाम येऊ द्या.

एकत्र ऐकणं: इथे घाई नको

मला सर्वांत जास्त झगडावं लागलं ते याच टप्प्यावर. ‘माझ्या वर्गातली वीस मुलं वाचतात’ असं एक बाई सांगतात, दुसऱ्या शाळेतले सर म्हणतात ‘माझी आठच’. पण ‘वाचतात’ म्हणजे काय याबद्दल दोघांचं एकमत नसतं. प्रत्येकाचं मापटं वेगळं असेल तर धान्य किती हे ठरणार कसं? म्हणून आधी मापटं एक करा.

एका मुलाचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करा. पालकांना आधी विचारा, मुलाचं नाव घेऊ नका, रेकॉर्डिंग गटावर पाठवू नका आणि काम झालं की पुसून टाका. बैठकीत आवाज लावा. प्रत्येकाने न बोलता आपल्या कागदावर स्तर आणि चुका लिहायच्या, मग सगळे कागद एकदम उघडायचे. एकाच मुलाला कोणी ‘शब्द’ स्तरावर ठेवलेलं असेल, कोणी ‘गोष्ट’ स्तरावर. हा फरक दिसला की खरी चर्चा सुरू होते. ती मध्येच तोडू नका, पूर्ण तास गेला तरी चालेल.

वाद साधारण याच मुद्द्यांवर होतात. माझी मतं अशी:

मूल ‘पाणी’ला ‘पानी’ किंवा ‘शाळा’ला ‘साळा’ म्हणालं तर ती वाचनाची चूक नाही. ते आपल्या घरच्या बोलीत वाचतंय आणि अर्थ अचूक पोचलाय. इथे लाल खूण करणारा शिक्षक मुलाचं वाचन नाही, बोली तपासतोय.

‘शाळेतून’ लिहिलं असताना ‘शाळेत’ वाचलं, तर मात्र चूक धरा. मराठीत बराचसा अर्थ शब्दाच्या शेवटाला असतो. पहिली दोन अक्षरं बघून उरलेला शब्द अंदाजाने म्हणणारी मुलं भरभर वाचतात आणि म्हणूनच सुटून जातात.

चुकून मागे वळलं आणि स्वतःच सुधारलं, तर चूक धरू नका. अर्थ लागत नाही हे त्या मुलाला कळलं, म्हणूनच ते मागे वळलं.

‘क, म, ळ, कमळ’ असं सुटं करत प्रत्येक शब्द वाचणारं मूल शब्द स्तरावरच ठेवा, मग त्याने पूर्ण गोष्ट संपवली तरी. आणि शेवटी दोन प्रश्न विचारा. त्यांतल्या एकाचं उत्तर उताऱ्यात थेट नसावं.

वेगाबद्दल. लहान मुलांना पायाभूत वाचन आणि गणित यावं म्हणून केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ ला सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द, तेही अर्थासह, असं लक्ष्य आहे. लक्ष्य डोळ्यांसमोर असू द्या, पण मुलासमोर घड्याळ धरू नका. ‘शेजाऱ्यांच्याकडून’ हाही एकच शब्द मोजला जातो. घड्याळ दिसलं की मुलं अर्थ सोडून धावतात.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. आपल्या वर्गातलं मूल अडखळताना सगळ्यांनी ऐकलं की शिक्षक गप्प होतो किंवा कारणं देऊ लागतो: गैरहजेरी, ऊसतोड, पालक लक्ष देत नाहीत. कारणं खरी असतात, पण त्या तासाला ती बाजूला ठेवावी लागतात. त्यासाठी दोन नियम करा. ज्यांच्या वर्गातलं मूल आहे, ते शिक्षक सर्वांत आधी बोलतील आणि त्यांना कोणी सल्ला देणार नाही, फक्त काय ऐकू आलं तेवढं सांगायचं. दुसरा नियम याहून कडक: शाळांची तुलना करणारा तक्ता बनवायचा नाही आणि हे कागद वर पाठवायचे नाहीत. केंद्रप्रमुखांकडून हा शब्द पहिल्याच दिवशी घ्या. आकडे वर जाणार हे कळलं की ते सुधारतात, मुलं मात्र आहेत तिथेच राहतात.

मापटं एक झालं की एकमेकांच्या शाळेत जाऊन मुलांचं वाचन ऐका. स्वतःच्या वर्गात आपण नकळत मदत करतो, ओठ हलवतो, पहिलं अक्षर सुचवतो. पाहुण्या शिक्षकाकडून हे होत नाही. पण मूल त्याला बुजतं, म्हणून आधी गप्पा मारा, जमिनीवर शेजारी बसा, मधे टेबल नको.

कामाची वाटणी

चुका हातात आल्या की देवाणघेवाणीला अर्थ येतो. रफार लिहितात पुढच्या अक्षरावर, पण तो उच्चारायचा त्या अक्षराच्या आधी. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, ऐकू येते नंतर. डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचणारं मूल इथेच अडकतं. एका शाळेने रफाराच्या शब्दपट्ट्या कराव्यात, दुसरीने वेलांटीच्या, तिसरीने छोट्या गोष्टी लिहाव्यात आणि सगळ्यांनी ते वापरावं. रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून स्तराप्रमाणे गट बसवा.

घरी कोरकू, भिली किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांना गोष्ट आधी त्यांच्या भाषेत तोंडी सांगा. गावातली एखादी आजी हे काम आपल्यापेक्षा चांगलं करते.

गोष्टींच्या पुस्तकांची एक पिशवी शाळाशाळांत फिरती ठेवा. पुस्तकं फाटतील, फाटू द्या.

पुन्हा ऐकणं

सहा ते आठ आठवड्यांनी नवा उतारा घ्या, पण ऐकणारे तेच ठेवा. जे मूल पुढे सरकलेलं नाही, त्याचा आवाज पुढच्या बैठकीत पहिला लावा. दुसऱ्या शाळेतल्या एकाने त्याच्यासोबत एक तास बसावं. तरीही हललं नाही तर कान आणि डोळे तपासायला हवेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं वैद्यकीय पथक शाळेत येतं तेव्हा त्या मुलाला पहिल्या रांगेत उभं करा आणि त्याला वाचताना नेमकं काय अडतं, ते डॉक्टरांना स्वतः सांगा.