थायरॉईडचा एक भाग काढल्यानंतर : पहिल्या रात्रीपासून वर्षभर घ्यावयाची काळजी

माझ्या थोरल्या बहिणीच्या थायरॉईड ग्रंथीची उजवी बाजू काढली, तेव्हा सोयाबीनच्या काढणीला जेमतेम पंधरा दिवस उरले होते. शुद्धीवर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो विळा कधी धरता येईल याचा, आणि घरच्या आम्हा सगळ्यांचे लक्षही टाके कधी निघतील याच्यापलीकडे गेले नव्हते. गळ्यावरची जखम दोन आठवड्यांत भरून आली. परंतु काढलेल्या गाठीचा रिपोर्ट तीन आठवडे प्रयोगशाळेच्या खिडकीत पडून राहिला, कारण तो आपणच जाऊन आणायचा असतो हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. मराठवाड्यात अशा शस्त्रक्रियेसाठी बहुतेकांना छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड किंवा अंबाजोगाई गाठावे लागते आणि नंतरचा सगळा काळ गावात काढावा लागतो. म्हणून या शस्त्रक्रियेनंतर काय, केव्हा आणि कशासाठी करायचे, हे रुग्णाइतकेच घरातल्या माणसांनाही माहीत असले पाहिजे. पुढील माहिती ग्रंथीची एकच बाजू काढलेल्यांसाठी आहे. संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांचे औषधोपचार वेगळे असतात.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून असलेली, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या मागून आवाजाच्या नसा जातात आणि तिथेच रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणाऱ्या, डाळीच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. शस्त्रक्रियेनंतर जे त्रास होऊ शकतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या शेजारात आहे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढच्या सूचना आपोआप उलगडतात.

पायरी पहिली : पहिले दोन-तीन दिवस रुग्णालयाच्या जवळ राहावे

गळ्याच्या आत रक्तस्राव होणे हा या शस्त्रक्रियेनंतरचा सर्वांत गंभीर धोका आहे. तो क्वचितच उद्भवतो आणि उद्भवला तर बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांतच. म्हणूनच रुग्णाला किमान एक रात्र रुग्णालयात ठेवून घेतात. सुट्टी मिळाली की त्याच दुपारी एसटीने साठ-सत्तर किलोमीटरवरच्या गावी निघण्याची घाई करू नये. शहरात कोणी नातेवाईक असतील तर दोन रात्री त्यांच्याकडे मुक्काम करावा. पाहुण्यांना त्रास नको हा संकोच या वेळी बाजूला ठेवावा. गळा झपाट्याने सुजू लागला, ताठ व घट्ट झाला, श्वास घ्यायला जड जाऊ लागले किंवा श्वासाबरोबर घरघर ऐकू येऊ लागली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. अशा वेळी मिनिटांनाही मोल असते.

झोपताना दोन-तीन उशा घेऊन डोके व खांदे उंचावर ठेवावेत, त्यामुळे सूज कमी राहते. उठताना मान एकदम उचलू नये. आधी कुशीवर वळावे, एक हात मानेमागे धरावा आणि दुसऱ्या हाताने रेटा देऊन बसते व्हावे. भूल देताना घशात घातलेल्या नळीमुळे दोन-तीन दिवस घसा खवखवतो आणि गिळताना टोचल्यासारखे होते. या दिवसांत मऊ खिचडी, पातळ वरण-भात, ज्वारीची आंबील किंवा दुधात कुस्करलेली भाकरी असे घशाखाली सहज उतरणारे अन्न द्यावे. ठेचा आणि चटणी चार दिवस दूर ठेवलेली बरी, कारण ठसका लागला की टाक्यांवर ताण येतो. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या असतील त्याच घ्याव्यात. रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून चालू असेल, तर ती पुन्हा केव्हा सुरू करायची हे विचारल्याशिवाय रुग्णालय सोडू नये.

एकच बाजू काढल्यावर दुसऱ्या बाजूच्या पॅराथायरॉईड ग्रंथी शाबूत राहतात, त्यामुळे कॅल्शियम कमी होण्याचा त्रास फारसा होत नाही. तरीही ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येणे, हातापायांना पेटके येणे असे काही जाणवले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

पायरी दुसरी : जखम कोरडी ठेवावी आणि तिला काहीही लावू नये

गळ्यावरची चीर बहुधा कातडीच्या नैसर्गिक वळीतच दिलेली असते. वरून टाके, चिकटपट्ट्या किंवा कातडी जोडणारा डिंकासारखा पदार्थ असतो, आणि तो जसा असेल तसे आंघोळीचे नियम बदलतात. म्हणून डोक्यावरून पाणी केव्हापासून घ्यायचे, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. ओल लागलीच तर स्वच्छ सुती कापडाने हलकेच टिपून घ्यावी, पुसू नये. जखम पूर्ण मिटेपर्यंत नदीत, तळ्यात किंवा विहिरीत उतरू नये. अमावास्या-पौर्णिमेचे गोदास्नानही या वेळी चुकले तरी चालेल. हळद, राख, तूप, झाडपाल्याचा रस यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. प्रेमापोटी हे सारे सुचवणारी माणसे घरोघरी असतात, त्यांना शांतपणे परंतु ठामपणे नाही म्हणावे लागते.

मंगळसूत्र, बोरमाळ किंवा ताईताचा दोरा जखमेवर घासतो, म्हणून तो काही आठवडे काढून ठेवावा. माझ्या बहिणीला मंगळसूत्र काढणे मनाला लागत होते. तेव्हा आमच्या आईनेच ते तिच्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधले आणि प्रश्न मिटला. तंबाखू, गुटखा, मिशरी आणि विडी यांमुळे जखम भरायला उशीर होतो, त्यामुळे ही सवय सोडण्यासाठी यापेक्षा चांगले निमित्त मिळणार नाही.

जखमेच्या वरच्या भागात बधिरपणा, गिळताना कातडी ओढल्यासारखी वाटणे आणि व्रणाखाली थोडा टणकपणा हे काही आठवडे राहते; त्याने घाबरून जाऊ नये. मात्र लालसरपणा वाढत जाणे, पू येणे, ताप भरणे किंवा काही दिवसांनी व्रणाखाली पाण्याने भरल्यासारखी मऊ सूज येणे, यांपैकी काही दिसल्यास शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनाच दाखवावे. व्रणाचा रंग स्थिर व्हायला वर्षभर लागू शकते आणि आपल्याकडचे ऊन त्याला लगेच काळवंडवते, म्हणून बाहेर पडताना पदर, ओढणी किंवा उपरणे सैलसर गुंडाळावे.

पायरी तिसरी : आवाजाकडे लक्ष द्यावे

पहिले काही दिवस आवाज घोगरा किंवा दमलेला येतो. या काळात हळू पण नेहमीच्या आवाजात बोलावे; कुजबुजत बोलल्याने घशाला आराम पडतो हा समज चुकीचा असून त्याने ताण उलट वाढतो. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारणे मात्र बंद ठेवावे. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर हनुवटी किंचित खाली घेऊन लहान घोट घ्यावेत आणि ही गोष्ट डॉक्टरांना सांगावी, कारण तीही नस दुखावल्याची खूण असू शकते.

आवाजाचा एक बदल असा आहे की तो बोलण्यात कळतच नाही. माझी बहीण गावातल्या भजनी मंडळात गाते. कार्तिकातल्या काकड्याला ती पहाटे देवळात बसली, खालच्या पट्टीतला अभंग नीट म्हणाली, आणि वरच्या स्वराला जाताच तिचा आवाज दोरा तुटावा तसा तुटला. टाळ मांडीवर ठेवून ती तशीच गप्प बसून राहिली. स्वरतंतूंना ताण देऊन आवाज उंच नेणारी एक वेगळी, बारीक नस ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून जाते, आणि ती दुखावली की असे होते, हे आम्हाला डॉक्टरांनी नंतर समजावले. कीर्तनकार, शिक्षक, गायक, बाजारात ओरडून माल विकणारे अशा आवाजावर पोट असलेल्या माणसांनी आपला व्यवसाय शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांच्या कानावर घालावा. आवाज दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही, तर दुर्बिणीने स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी व गरज पडल्यास आवाजाचे व्यायाम शिकून घ्यावेत. नसेला नुसता धक्का बसलेला असेल तर आवाज बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो. बहिणीचा वरचा स्वर संक्रांतीच्या सुमारास परत आला.

पायरी चौथी : हालचाल लवकर, जड काम उशिरा

चालणे-फिरणे दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करावे. दुखेल या भीतीने अनेक जण मान ताठ धरून बसतात आणि मग खांदे आखडतात. म्हणून डॉक्टरांनी परवानगी देताच मान सावकाश डावीकडे-उजवीकडे वळवणे आणि खांदे गोल फिरवणे हे दिवसातून तीन-चार वेळा करावे. जड वजन मात्र साधारण दोन ते तीन आठवडे उचलू नये. आपल्याकडे याचा अर्थ नळाला किंवा टँकरला पाणी आले तरी हंडा दुसऱ्याने उचलायचा, कापसाचे गाठोडे डोक्यावर घ्यायचे नाही आणि फवारणीचा पंप पाठीवर अडकवायचा नाही, असा होतो. ही वाटणी घरात आधीच ठरवून ठेवावी, नाहीतर सोसण्याची सवय असलेली बाई चौथ्याच दिवशी हंडा उचलते. मान दोन्ही बाजूंना विनासायास वळेपर्यंत मोटारसायकल चालवू नये.

पायरी पाचवी : गाठीचा रिपोर्ट स्वतः जाऊन आणावा

काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी पाठवतात आणि त्याचा निष्कर्ष साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत हाती येतो. शस्त्रक्रियेआधी सुईने केलेल्या तपासणीत सगळेच कळते असे नाही. काही प्रकारच्या गाठी साध्या आहेत की कर्करोगाच्या, हे गाठीचे आवरण पूर्ण तपासल्याशिवाय सांगताच येत नाही, आणि पुष्कळदा ग्रंथीची एक बाजू काढण्याचे कारणच हे असते. म्हणून टाके काढायला जाल तेव्हा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांसमोर बसावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात : गाठ कोणत्या प्रकारची होती, आणखी उपचार लागणार आहेत का, आणि उरलेल्या बाजूची सोनोग्राफी केव्हा करायची. आमच्या बाबतीत गाठ साधी निघाली. परंतु ती तशी नसती तर ते तीन आठवडे आम्ही कशात घालवले, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

पायरी सहावी : टीएसएचची तपासणी चुकवू नये

उरलेली अर्धी ग्रंथी बहुतेकांची गरज भागवते. ती पुरते की नाही हे रक्तातील टीएसएचवरून कळते; थायरॉईडला कामाला लावणारे हे संप्रेरक असून ग्रंथी कमी पडू लागली की ते वाढते. तरी साधारण पाचांपैकी एकाला पुढे थायरॉईडची कमतरता होते, आणि शस्त्रक्रियेआधीच टीएसएच वरच्या पातळीवर असेल किंवा थायरॉईडविरोधी अँटीबॉडी आढळल्या असतील तर ही शक्यता वाढते. पहिली तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. त्याआधी करून उपयोग नसतो, कारण रक्तातील थायरॉक्सिन, म्हणजे ग्रंथी तयार करते ते संप्रेरक, अर्धे व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात आणि टीएसएच त्याच्याही मागून स्थिरावते. पहिला आकडा चांगला आला तरी सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी रक्त द्यावे. पाठपुराव्याचे हे महत्त्व जुने आहे. स्विस शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासले आणि संपूर्ण ग्रंथी काढलेली माणसे सुजलेली व मंदावलेली आढळल्याचे १८८३ मध्ये मांडले; थायरॉईडवरील कार्यासाठी त्यांना १९०९ चे नोबेल मिळाले.

बहिणीची पहिली तपासणी उत्तम आली आणि आम्ही निर्धास्त झालो. पुढच्या मे महिन्यात, बाहेर ४२ अंश ऊन असताना, ती रात्री पंखा बंद करायला सांगू लागली आणि पहाटे गोधडी ओढून घेऊ लागली. केस गळत होते, पोट साफ होत नव्हते, दुपारी डोळे मिटत होते. घरात सगळे म्हणत होते, वयाचा परिणाम आहे. रक्त तपासले तेव्हा टीएसएच वाढलेले निघाले.

पायरी सातवी : गोळी लागलीच, तर ती नीट घ्यावी

ग्रंथीची कमतरता भरून काढणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. आपल्याकडे डोळे उघडताच चहाचे आधण चढते, त्यामुळे हाच नियम सर्वांत जास्त मोडला जातो. बहिणीने त्यावर साधा उपाय केला आहे : गोळ्यांची बाटली उशाशी, शेजारी तांब्याभर पाणी, उठल्याबरोबर गोळी, मग सडा-सारवण, आणि नंतर चूल. कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताच्या काही औषधांनी ही गोळी अंगी लागत नाही, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. एकादशीला किंवा नवरात्राच्या उपवासातही गोळी चालू ठेवावी. बाटली उन्हाळ्यात पत्र्याखालच्या फळीवर न ठेवता घरातल्या थंड, कोरड्या जागी ठेवावी. मात्रा बदलल्यावर पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करावे, आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगावे, कारण त्यांनी आकडा चुकू शकतो. आयोडीनयुक्त मीठ नेहमीसारखे वापरावे. शिजवलेली कोबी-फ्लॉवर सोडण्याची गरज नाही.

ज्या स्त्रियांना मूल हवे आहे त्यांनी गर्भधारणेपूर्वी टीएसएच तपासावे आणि दिवस गेल्याचे कळताच गोळी न थांबवता लगेच डॉक्टरांकडे जावे, कारण या काळात तिची गरज बहुधा वाढते. डिस्चार्ज कार्ड, गाठीचा रिपोर्ट आणि टीएसएचचे सगळे कागद एकाच फाईलमध्ये ठेवावेत, त्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत, आणि पुढे कोणत्याही दवाखान्यात कोणत्याही आजारासाठी जाताना ती फाईल बरोबर न्यावी.